वहिनींची चार्जिंगवाली गाडी: जळगावातल्या प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार

वहिनींना एमआयडीसीतल्या एका दाळ मिलमध्ये हिशोबाचं काम मिळालं. पुढच्या महिन्यापासून जायचं आहे. घरात मोटरसायकल एकच, ती दादा नेतो. त्याचं रोजचं भुसावळ अपडाऊन, गाडी दिवसभर स्टेशनच्या स्टँडला. माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे माझ्या भरवशावर कुणाचं जाणं-येणं ठरत नाही. पिंप्राळ्याहून एमआयडीसीला रिक्षाने जायचं तर मध्ये रिक्षा बदलावी लागते. तेव्हा दुसरी गाडी घ्यायची, आणि ती चार्जिंगवाली घ्यायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला असल्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. गल्लीतल्या आणखी दोन घरांत हाच विषय चालू आहे, म्हणून सगळं लिहून ठेवतो, त्यांनाही वाचायला देता येईल.

गरज अशी: जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर. सकाळी जाताना पुतणीला शाळेत सोडायचं, म्हणजे मागे एक सीट. रस्ता सपाट आहे, चढ फक्त पिंप्राळ्याच्या रेल्वे उड्डाणपुलाचा. पुढे रिंग रोड, कोर्ट चौक, स्वातंत्र्य चौक, आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौफुली. शेवटचा तुकडा हायवेचा, तिथे डंपर आणि ट्रेलर. घर वरच्या मजल्यावर, गाडी खाली बोळीत लागते. मिलमध्ये पार्किंगला पत्र्याचं शेड आहे, चार्जिंगची सोय नाही. बजेट 70,000.

16 फेब्रुवारी

आधी नियम समजून घेतला, कारण दुकानात गेल्यावर प्रत्येक जण आपल्या सोयीचा नियम सांगतो.

मोटर 250 वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या सरकारमान्य संस्थेकडून तपासून मंजूर झालेली, अशी गाडी कायद्याने 'मोटार वाहन' धरली जात नाही. तिला ना नोंदणी, ना लायसन, ना विमा. या हद्दीपलीकडे गेलं की एमएच-19 ची हिरवी पाटी, त्यावर पांढरी अक्षरं, लायसन, हेल्मेट, विमा सगळं आलं. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, तो ऑनरोड किमतीत धरलेला असतो.

म्हणजे बाजारात खरे गट तीन: सायकल, कमी वेगाची बिननोंदणीची गाडी, आणि नोंदणीची गाडी. आपल्या बजेटमध्ये पहिले दोन बसतात, तिसरा थोडा बाहेर जातो.

23 फेब्रुवारी

दिवसभर वहिनींसोबत दुकानं पालथी घातली. कमी वेगाच्या गाड्या विकणारी दुकानं आता शहरात भरपूर झाली आहेत. सगळीकडे पहिलं वाक्य एकच: "एका चार्जमध्ये सत्तर किलोमीटर." मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: बॅटरी किती व्होल्टची, किती अ‍ॅम्पिअर-अवरची, आणि कशाची?

उत्तर मिळालं की पुढचं गणित कुणालाही येतं. व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे वॉट-तास. लेड-अ‍ॅसिडचा 60 व्होल्ट 28 अ‍ॅम्पिअर-अवरचा संच म्हणजे 1,680 वॉट-तास. कमी वेगाची गाडी एका माणसाला घेऊन किलोमीटरला साधारण 22 ते 25 वॉट-तास खाते. भागाकार केला तर सत्तर येतात, दुकानदार खोटं बोलत नाही. पण लेड-अ‍ॅसिडमधून भराभर करंट ओढला की तिची क्षमता पूर्ण मिळत नाही आणि पार तळापर्यंत उतरवली तर ती लवकर मरते. हाताशी येतात त्यातले साठ-पासष्ट टक्के. म्हणजे नवी असताना चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

वहिनींना सोळाच हवेत, मग चाळीस भरपूर झाले, असं दादाचं म्हणणं. आज चाळीस आहेत हे खरं. प्रश्न पुढच्या वर्षीच्या मे महिन्याचा आहे.

एका दुकानात विक्रेत्याने सीट उचलून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरजवळची एक बारीक वायर दाखवली. म्हणे, "ताई, ही काढली की चाळीसने पळते, लायसन पण लागत नाही." वहिनींनी मला काही बोलूच दिलं नाही. "मग ती पंचवीसची गाडी राहते का? उद्या कुणाला धक्का लागला तर विमा नाही, नंबर नाही, लायसन नाही. पैसे कोण भरणार?" तो गप्प बसला. गल्लीत वाचणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: ती वायर काढली की कायद्याच्या नजरेत ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटार होते. अपघात झाला तर सगळा भार चालवणाऱ्यावर.

भाव असे मिळाले: कमी वेगाची लेड-अ‍ॅसिड 56,000. तीच गाडी लिथियमवर, 51.2 व्होल्ट 30 अ‍ॅम्पिअर-अवर एलएफपी (लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी), 72,000.

2 मार्च

नोंदणीच्या गाड्या पाहिल्या. चेतक, आयक्यूब, विदा, तिघींचे सगळ्यात लहान बॅटरीचे अवतार घरी येईपर्यंत लाखाच्या आगेमागे पडतात. चेतक आणि आयक्यूबची बॅटरी गाडीत पक्की बसवलेली, विदाची काढून घरात नेता येते. लहान बॅटरी म्हणजे आयक्यूब-विदाची 2.2 युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या, म्हणजे 2,200 वॉट-तासांच्या) आसपास, चेतकची थोडी मोठी. कागदावर नव्वदच्या पुढे किलोमीटर लिहिलेले असतात, रस्त्यावर साठ-पासष्ट धरून चालावं. आपल्याला तेवढे आठवड्यातून दोनदा चार्ज करून पुरतात.

बजेटच्या तीस हजार वर. आत्ता नाव घेत नाही.

9 मार्च

आजची नोंद महत्त्वाची आहे.

आमच्या कारखान्यात पॅकिंगमधले एक आप्पा कमी वेगाची लेड-अ‍ॅसिड गाडी वापरतात. घेऊन सव्वा वर्ष झालं. त्यांचं गाव चोपड्याकडचं, बोलणं अस्सल अहिराणी: "भाऊ, लेतांना पन्नास चालस म्हने, आते पंधराले घरघर करस." सुट्टीत त्यांची गाडी खोलली आणि मल्टीमीटर लावला.

पाच बॅटऱ्या सिरीजमध्ये. रात्रभर चार्ज केलेला संच, उभ्या गाडीत 64 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे वरवर ठणठणीत. मग मागचं चाक स्टँडवर उचललं, एकाने ब्रेक हळू दाबत धरला, मी थ्रॉटल दिला आणि एकेका बॅटरीवर मीटरच्या पिना टेकवत गेलो. पहिली 12.1. दुसरी 11.9. तिसरी 9.6. चौथी, पाचवी पुन्हा बाराच्या जवळ. तिसरी हाताला इतरांपेक्षा गरम लागत होती आणि तिच्या बाजूचं प्लास्टिक बोटाला जाणवेल इतकं फुगलेलं होतं. सिरीजमध्ये सगळ्यांमधून करंट सारखाच जातो, म्हणून एक कमजोर झाली की बाकीच्या चार कितीही चांगल्या असल्या तरी कंट्रोलर कमी व्होल्टेज पाहून गाडी बंद करतो. आप्पांचे पंधरा किलोमीटर त्या एका तिसऱ्या बॅटरीत अडकले आहेत.

ती तिसरी बॅटरी बसते पायाखालच्या डब्यात अगदी मधोमध, दोन्ही बाजूंनी शेजारणींची गरमी खात. लेड-अ‍ॅसिडचा सर्वमान्य नियम आहे की 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होत जातं. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी सावलीतच चाळीस-बेचाळीस असतात. जी बॅटरी थंड गावात तीन वर्षं काढेल तिच्याकडून जळगावात दीड वर्ष झालं तरी खूप.

एकच बॅटरी बदलून चालेल का, असं आप्पांनी विचारलं. चालेल, पण नवी आणि जुन्या मिळून संच पुन्हा असमतोल होतो, आणि वर्षभरात हेच परत. पूर्ण संचाला त्यांना 14,000 सांगितले आहेत.

आजपासून माझ्या यादीत पहिला प्रश्न बदलला. किती किलोमीटर चालते ते नंतर. बॅटरी दिवसा कुठे तापणार आणि रात्री कुठे चार्ज होणार, ते आधी.

16 मार्च

पुलाची परीक्षा. शेजारच्या गल्लीतल्या एकांची लिथियमवरची कमी वेगाची गाडी मागून आणली. सकाळी रहदारी नव्हती. वहिनी एकट्या असताना पिंप्राळ्याचा उड्डाणपूल एकोणीस-वीसच्या वेगाने आरामात चढला. मग पुतणीला मागे बसवलं, दप्तर आणि डबा धरून. पुलाच्या मध्यावर वेग तेरावर आला. मी मागून मोटरसायकलवर होतो, आणि माझ्याही मागे दुधाच्या टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

गाडी बिघडलेली नाही, तिची ताकदच तेवढी आहे. वर गेल्यावर चाकातली हब मोटर हाताने पाहिली, कोमट होती, काळजीचं काही नाही. पण पुलावर तेरा आणि हायवेच्या तुकड्यावर पंचवीस, मागे लेकरू, बाजूने वाळूचे डंपर. वहिनी उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, गाडी चांगली आहे, पण चौफुलीवर मला हिच्यावर भीती वाटेल." जी चालवणार तिला भीती वाटत असेल तर पुढे बोलायचं काही कारण नाही.

लर्निंग लायसन काढायचं ठरलं. घरबसल्या आधारवरून परीक्षा देता येते, त्यानंतर तीस दिवसांनी आरटीओत पक्क्या लायसनची चाचणी. गाडी कोणतीही घेतली तरी लायसन वाया जात नाही.

23 मार्च

वहिनींनी मिलमधून घरी आल्यावर वहीत पाच वर्षांचा हिशोब मांडला. तो जसाच्या तसा उतरवतो. महिन्याला साधारण 416 किलोमीटर, पाच वर्षांचे 25,000 धरले. वीज शंभर युनिटांच्या वरच्या टप्प्यातली, युनिटला 12 रुपये. पेट्रोल 105.

लेड-अ‍ॅसिड कमी वेगाची: गाडी 56,000. आपल्या उन्हात दीड वर्षाला एक संच धरला तर पाच वर्षांत तीन वेळा बदल, 42,000. बेरीज 98,000, शिवाय वीज नऊ हजार.

एलएफपी कमी वेगाची: 72,000 आणि वीज नऊ हजार. बॅटरी नीट वापरली तर पाच वर्षं बदलायला नको.

नोंदणीची लहान बॅटरीची: 98,000 आणि वीज साडेदहा हजार. बॅटरीला कंपनीची तीन वर्षांची हमी.

पेट्रोलची 110 सीसी स्कूटर: ऑनरोड एक लाख, 45 च्या अ‍ॅव्हरेजने पेट्रोल 58,000, ऑइल आणि सर्व्हिसिंग वेगळं.

वहिनींनी लेड-अ‍ॅसिडच्या बेरजेखाली दोन रेघा ओढल्या आणि वही दादापुढे ठेवली. दुकानात बेचाळीस हजारांनी स्वस्त दिसणारी गाडी पाच वर्षांत नोंदणीच्या गाडीच्या पंगतीला येऊन बसते, आणि तेव्हाही तिचा वेग पंचवीसच असतो. दादा बराच वेळ वही पाहत होता. मग म्हणाला, "सत्तर हजार हा आकडा आपण कुठून आणला होता?" बजेट एक लाख झालं. वरचे तीस हजार भिशीतून.

एक गोष्ट मात्र गल्लीतल्या लोकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांच्याकडे चालती पेट्रोल गाडी आहे आणि रोजचं अंतर पंधरा-सोळाच आहे, त्यांची महिन्याला आठशेच्या आसपास बचत होईल. त्यासाठी चालती गाडी काढून लाखाची नवी घेण्यात पैसा वाचत नाही. आमच्या घरी दुसरी गाडी लागणारच होती, म्हणून हिशोब जुळतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित एकदम वेगळं, त्याने जरूर घ्यावी.

28 मार्च

शोरूममधून सारखे फोन. पाडवा रविवारी, 30 तारखेला. आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं अनुदान 1 एप्रिलपासून निम्मं होतंय. आत्तापर्यंत किलोवॉट-तासाला 5,000, जास्तीत जास्त 10,000. पुढे 2,500, जास्तीत जास्त 5,000. आपल्या मापाच्या गाडीला सरळ पाच हजारांचा फरक. (बिननोंदणीच्या गाड्यांना हे अनुदान नाहीच, त्यामुळे कमी वेगाच्या दुकानात कुणी त्याचं नाव काढलं तर उठून यावं.)

दादा म्हणतो आत्ताच घ्या, मुहूर्तही आहे. माझं मत वेगळं आहे. काढता येणारी की पक्की बॅटरी, हा प्रश्न सुटलेला नाही, आणि तो ऊन तापल्याशिवाय सुटणार नाही. पाच वर्षं वापरायच्या वस्तूला पाच हजार जास्त मोजणं परवडेल, चुकीच्या जागी अडकलेली बॅटरी परवडणार नाही. वहिनींचं लायसनही अजून पक्कं नाही. थांबलो.

6 एप्रिल, रामनवमी

इलेक्ट्रिक सायकल चालवून पाहिली. 36 व्होल्ट 7.65 अ‍ॅम्पिअर-अवर, म्हणजे 275 वॉट-तास, पायडल मारत गेलं तर पंचवीस-तीस किलोमीटर सहज. कॉलेजच्या पोरांना आणि मोकळं फिरणाऱ्याला जळगावच्या सपाट रस्त्यांवर याच्यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही नाही. मागे मूल बसवायचं असल्याने आपल्या कामाची नाही.

20 एप्रिल

पत्र्याच्या शेडचा तपास. या नोंदीसाठीच मी पाडवा जाऊ दिला.

कंपनीत तीन चार्जिंगवाल्या गाड्या लागतात. मालकांची परवानगी घेऊन तारेचे सेन्सर असलेले थर्मामीटर सीटखाली, बॅटरीच्या कवचाला चिकटवून ठेवले. आपल्या ओव्हनला वापरतो तेच. दुपारी अडीचला बाहेर सावलीत 42 होते.

उघड्यावर, उन्हात उभी काळी गाडी: सीटखाली 56.

पत्र्याच्या शेडखाली: 49. पत्रा सावली देतो पण स्वतः तापून वरून गरमी फेकतो. शेडखाली उभं राहिलं की टाळूला जाणवतं.

गेटजवळच्या निंबाखाली: 43.

लिथियम सेलच्या कागदावर चार्जिंगचं तापमान साधारण 0 ते 45 अंश लिहिलेलं असतं, वापरताना साठपर्यंत चालतं. म्हणजे दुपारी गाडी चालवायला हरकत नाही, पण त्या वेळी चार्ज करणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य जाळणं. संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचलेल्या गाडीचं कवच अजून 44 दाखवत होतं. बोळीत हवा खेळत नाही, तिथे तीच गाडी रात्री साडेदहाला 39 वर. दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून वर घरात पंख्याखाली फरशीवर ठेवली होती, ती साडेनऊलाच 33.

सहा अंशांचा फरक, तोही एक तास आधी. आणि बॅटरी भरलेली असताना तापणं हे अर्धी भरलेली असताना तापण्यापेक्षा जास्त वाईट, हेही लक्षात घ्यायला हवं. म्हणून रात्री थंड झाल्यावर ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरायची. पूर्ण भरणं कधीमधी, सेल समतोल होण्यापुरतं.

एलएफपी उष्णतेला जास्त सोशीक आहे हे खरं, आणि पुलावर जमलं असतं तर मी तीच घेतली असती. नोंदणीच्या ज्या गाड्या आपल्या बजेटला पोहोचतात त्यांच्या बॅटऱ्या बहुतेक एनएमसीच्या, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियमच्या. तिला जपायचं तर ती उन्हातून उचलून घरात आणता आली पाहिजे. माझ्यापुरता निर्णय झाला: बॅटरी काढता येणारी.

30 एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

बहिणी माहेरी आल्यात. पुरणाचा स्वयंपाक, अंगणातल्या निंबाला झोका, दुपारी सांजोऱ्या. सगळ्यांनी मिळून गाडीवर चर्चा केली. मोठी ताई नंदुरबारला असते, तिने विचारलेला प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला: "ती बॅटरी जिन्याने वर रोज कोण नेणार?"

काल राज्याच्या मंत्रिमंडळाने नवं ईव्ही धोरण मंजूर केलं, आज सगळ्या पेपरांत तेच. शासन निर्णय निघून पैसे हातात पडेपर्यंत त्यातला एक रुपयाही आपल्या हिशोबात धरायचा नाही, असं वहिनींचं म्हणणं. मलाही पटलं.

4 मे

ताईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शोरूममध्ये गेलो. मॅनेजरला विनंती केली, त्याने बॅटरी काढून दिली. वहिनींनी ती शोरूमच्या मागच्या जिन्याने वर नेली आणि खाली आणली. वजन दहा किलोच्या गव्हाच्या पिशवीपेक्षा थोडं जास्त, पण वर पकड चांगली आहे, आणि पिशवीसारखी ती हातात लोंबकळत नाही. खाली आल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताने पुन्हा उचलून पाहिली. आठवड्यातून दोनदाच न्यायची आहे, तेवढं जमेल म्हणाल्या.

तिथेच बाकीचं विचारून घेतलं. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर हमीत बदलून मिळेल, हे लेखी द्या म्हटलं. 2022 मध्ये देशात गाड्यांना आगी लागल्यानंतर एआयएस-156 चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षिततेचे, नियम कडक झाले, 31 मार्च 2023 पासून दुसरा टप्पा लागू आहे. नोंदणीच्या गाडीला ते सक्तीचे आहेत, त्यामुळे इथे वेगळा दाखला मागावा लागत नाही. कमी वेगाची घेणाऱ्यांनी मात्र तपासणी संस्थेचं मंजुरीचं पत्र दुकानदाराकडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सर्व्हिस सेंटर जळगावातच आहे ना, सुटे भाग इथेच मिळतात की संभाजीनगरहून मागवावे लागतात, हेही विचारलं. ब्रेकचे भाग इथे, कंट्रोलर मागवावा लागतो, आठ-दहा दिवस. त्याने खरं सांगितलं, ते आवडलं.

11 मे

वहिनींचा सराव मेहरूण तलावाच्या रस्त्यावर, पहाटे. पेट्रोल स्कूटर चालवता येणाऱ्या बाईलाही बॅटरीच्या गाडीची एक सवय करावी लागते: आवाज नसतो, गाडी चालू आहे हे विसरून थ्रॉटलला हात लागतो. उभं राहिलं की आधी बटण बंद, मग हँडलवरचा हात काढायचा, हे अंगवळणी पडेपर्यंत पुतणीला बसवायचं नाही असं ठरवलं.

24 मे

यंदा मे महिन्यातच अवकाळीने गाठलं. रावेर-यावलकडे केळीचं नुकसान झाल्याच्या बातम्या रोज येताहेत, गावाकडच्या फोनवर दुसरा विषय नाही. शहरात बजरंग बोगद्यात पाणी. लोक विचारतात, पाण्यात चालते का? बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी टिकावी. तो दाखला बॅटरीचा, पूर्ण गाडीचा नाही. वायरींचे जोड, ब्रेक, चाकाच्या बेअरिंगा त्यात येत नाहीत. साचलेल्या पाण्यातून मुद्दाम घालायची नाही. वहिनींचा रस्ता पुलावरून असल्याने बोगद्याचा प्रश्न येत नाही.

पक्कं लायसन आलं.

1 जून

गाडी ठरवली, पैसे भरले. काढता येणाऱ्या बॅटरीची, नोंदणीची, 2.2 युनिटची. वेगळी अ‍ॅक्सेसरी काही घेतली नाही, फक्त मागे धरायला कडी आणि साडीगार्ड. वाचलेले पैसे दोन चांगल्या हेल्मेटांना, एक लहान मापाचं.

घरातलं काम मी केलं. चार्जरसाठी बैठकीत स्वतंत्र 16 अ‍ॅम्पिअरचा पॉइंट, जाड वायर, वेगळी एमसीबी. अर्थिंग तपासलं तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये सात व्होल्ट येत होते. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाणीच पडलेलं नव्हतं. खड्डा उकरून कोळसा-मीठ भरलं, पट्टीचा गंजलेला जोड बदलला, पाणी सोडलं, दीड व्होल्टवर आलं. ज्यांच्या घरची वायरिंग जुनी आहे त्यांनी गाडी घेण्याआधी वायरमनकडून हे काम करून घ्यावं. चार्जर रात्रभर चालणारी वस्तू आहे, तो बोळीत लोंबणाऱ्या एक्स्टेंशनवर लावू नये. पलंगाजवळ आणि जिन्याच्या तोंडाशीही नको: काही झालं तर बाहेर पडायची वाट मोकळी राहिली पाहिजे.

15 जून

हिरवी पाटी आली. उद्यापासून शाळा सुरू. आज संध्याकाळी पुतणीसह पूल चढून पाहिला: मधल्या मोडमध्ये पस्तीस, जोर न लावता. चौफुलीवर सिग्नल सुटल्यावर गाडी बाकीच्यांबरोबर निघते. वहिनी परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता नीट."

13 जुलै

महिनाभराचे आकडे. सॉकेटला लावलेल्या मीटरवर वीस ते ऐंशी टक्के भरायला दीड युनिट लागतं, त्यात बेचाळीस-त्रेचाळीस किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरला भिंतीतून 35 ते 36 वॉट-तास, वहिनींच्या वहीत धरले होते तितकेच. किलोमीटरला त्रेचाळीस पैसे.

मिलच्या मालकांना वहिनींनी शेडचे आकडे दाखवले. त्यांनी गेटजवळ निंबाखालची जागा दुचाकींसाठी आखून दिली, आणि पत्र्याला खालून थर्माकोल लावायचा भाव मागवला आहे.

आप्पांनी संच बदलायच्या आधी माझ्याशी बोलायचं ठरवलं होतं, काल आले. त्यांच्या गाडीत 60 व्होल्टचा एलएफपी पॅक बसतो का ते पाहतोय. डब्याची मापं घेतली. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर त्यावर चालणार नाही, तो बदलावाच लागेल, आणि कंट्रोलरची कट-ऑफ (किती व्होल्टला तो गाडी बंद करतो ते) तपासावी लागेल. पॅक बनवून देणाऱ्याकडून बीएमएसचा (सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचा) कागद आणि हमी लेखी मागितली आहे. तो कागद आला की आप्पांच्या गाडीची वही वेगळी सुरू करतो.